हलक्या वाईनची चव आणि डोंगराचे पाणी : यामानाशीची कोशू व भोर-वेल्हे

प्रस्तावना

इतिहासाची साधने म्हटली की दप्तरे, शिलालेख, नाणी आणि बखरी डोळ्यांसमोर येतात. एखाद्या पेयाची चव हेही इतिहासाचे साधन होऊ शकते, ही कल्पना प्रथमदर्शनी काहीशी पोरकट वाटण्याचा संभव आहे. तथापि चव आकाशातून पडत नाही. जमीन, पाऊस, मजुरी, कर आणि कायदा यांच्या दीर्घकालीन संबंधांतून ती घडत असते. प्रस्तुत निबंधात जपानच्या यामानाशी प्रांतात कोशू या द्राक्षापासून तयार होणाऱ्या हलक्या, तरतरीत पांढऱ्या वाईनची चव हा आरंभबिंदू धरून पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे या डोंगरी तालुक्यांच्या इतिहासातील एका प्रश्नाचा विचार केला आहे. वेल्हे तालुक्याला आता राजगड हे नाव मिळाले असले, तरी विवेचनाच्या सोयीसाठी येथे जुनेच नाव वापरले आहे.

प्रश्न असा आहे. दोन्ही प्रदेश डोंगरांनी वेढलेले, दोन्हीकडे भाताची खाचरे, दोन्हीकडे पाऊस आणि दोन्हीकडे जमिनीचे लहान लहान तुकडे. असे असता एके ठिकाणी वाईन हे डोंगरी शेतकऱ्याच्या उपजीविकेचे साधन झाले, आणि दुसऱ्या ठिकाणी मद्य म्हणजे बाहेरून गावात येणारी दारू एवढाच अर्थ उरला, हे कसे घडले? 'आमच्याकडे पाऊस फार, द्राक्ष टिकणार नाही' हे याचे नेहमीचे उत्तर. ते चुकीचे नाही. पुरेसे मात्र नाही.

चवीची भाषा

कोशूचे वर्णन मराठीत करू लागले की पहिली अडचण 'हलकी' या शब्दाची येते. आपल्याकडे पेय हलके म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात 'पाणचट' किंवा 'सपक' हा शब्द उमटतो, आणि दोन्ही शब्द निंदेचे आहेत. कोशूचा हलकेपणा त्या जातीचा नाही. तिचा रंग जवळजवळ पाण्यासारखा, किंचित पिवळसर. मद्यार्काचे प्रमाण साधारणतः अकरा-बारा टक्के, म्हणजे वाईनमध्ये कमीच. नाकाशी धरल्यास ईडलिंबाच्या सालीची, पपनसाची आणि नासपतीची आठवण करून देणारा मंद वास येतो. जिभेवर प्रथम आंबटपणा जाणवतो. परंतु तो दात आंबवणारा नसतो, तोंड स्वच्छ करणारा असतो. शेवटी गालांच्या आतल्या बाजूस किंचित तुरट, कडसर अशी छटा राहते. कोशूच्या फळाची साल गुलाबी-जांभळट आणि जाड असते, ही तुरट छटा त्या सालीची देणगी होय. चिंच, आमसूल, कैरी, आवळा आणि करवंद यांच्यावर पोसलेल्या मराठी जिभेला ही चव परकी वाटण्याचे काही कारण नाही. आंबूस, आंबटगोड, आंबटढाण, तुरट, कडसर, मिट्ट अशा सूक्ष्म भेदांसाठी आपल्या भाषेत शब्दांची वाण नाही. वाईनवरील मराठी लेखनात त्यांच्याऐवजी परभाषेतील संज्ञा जशाच्या तशा येतात, हे खेदजनक आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. 'जपानी वाईन' म्हटले की पुष्कळांना साके आठवते. साके हे तांदळापासून, कोजी नावाच्या बुरशीच्या साहाय्याने आंबवलेले पेय आहे; द्राक्षाशी त्याचा संबंध नाही. आंबेमोहोर आणि इंद्रायणी पिकवणाऱ्या भोरच्या वाचकास साकेविषयी कुतूहल वाटणे स्वाभाविक असले, तरी तो स्वतंत्र विषय आहे. करविषयक इतिहासाच्या संदर्भात मात्र साके या निबंधात पुन्हा येईल.

कोशूचा हलकेपणा हा मुळात दोष मानला जात असे. या द्राक्षात साखर कमी भरते आणि वासही बोलका नसतो. त्यामुळे एकोणिसाव्या शतकापासून पुढे शंभर वर्षे ती मुख्यतः खाण्याचे फळ म्हणून आणि गोड, स्वस्त वाईनसाठीच वापरली गेली. १९८० च्या दशकात मर्शियन या कंपनीने फ्रान्समधील एक जुनी रीत कोशूला लावून पाहिली. वाईन लगेच निथळून न घेता किण्वाच्या तळाच्या साक्यावर काही महिने तशीच ठेवायची, म्हणजे तिला थोडे अंग येते. महत्त्वाचे हे की कंपनीने ही रीत स्वतःपुरती न ठेवता कात्सुनुमा गावातील इतर लहान उत्पादकांनाही शिकवली. पुढे एकविसाव्या शतकाच्या आरंभी बोर्दो येथील संशोधकांच्या सहकार्याने या द्राक्षातील लिंबूवर्गीय वासाचे घटक ओळखले गेले, आणि ते टिकावेत म्हणून तोडणीची वेळ बदलण्यात आली. आज आपण जी चव 'नैसर्गिक' म्हणून वाखाणतो, ती अशी अलीकडच्या काळात, अनेक हातांनी घडवलेली आहे.

यामानाशी : पाऊस, मांडव आणि शासन

कोशूच्या उगमाविषयी दोन दंतकथा प्रसिद्ध आहेत. एक इ. स. ७१८ मधील ग्योकी या बौद्ध भिक्षूची, दुसरी इ. स. ११८६ मधील एका ग्रामस्थाची. इतिहास म्हणून दोन्हींना आधार नाही. जनुकीय अभ्यासाने मात्र असे दाखवले आहे की कोशू ही प्रामुख्याने युरोप-पश्चिम आशियातील द्राक्षजात असून तिच्यात पूर्व आशियाई रानवेलीचा अंश आहे. याचा अर्थ ती मध्य आशियातून चीनमार्गे प्रवास करीत, वाटेत रानवेलीशी संकर पावत जपानला पोहोचली असावी. दमट हवेत तग धरण्याची तिची शक्ती बहुधा या रानवेलीकडून आलेली आहे.

यामानाशीतील कोफूचे खोरे चारी बाजूंनी डोंगरांनी वेढलेले असल्याने जपानच्या मानाने तेथे पाऊस कमी, म्हणजे वर्षाला सुमारे ११०० मिमी पडतो. परंतु त्यातला बराचसा उन्हाळ्यात आणि ऐन फळ पिकण्याच्या सप्टेंबर महिन्यात, वादळांच्या दिवसांत कोसळतो. यावर तेथील शेतकऱ्याने काढलेले उपाय पाहिले म्हणजे कौतुक वाटते. वेल डोक्याच्या उंचीवर मांडवावर चढवायची, म्हणजे खालून वारा खेळतो आणि घड जमिनीच्या ओलाव्यापासून दूर राहतात. पुढे प्रत्येक घडावर मेणकागदाची लहानशी टोपी बसवायची, म्हणजे पाऊस घडावर न पडता बाजूला ओघळतो. हजारो घडांना हाताने टोप्या घालण्याचे हे काम किती कष्टाचे असेल, याची कल्पना भाताची लावणी केलेल्या माणसाला सहज येईल. अंगणात दोडका-कारल्याचा मांडव घालणाऱ्या आपल्या कुटुंबांना ती मांडवाची रचनाही ओळखीची वाटेल.

मात्र केवळ कष्टाने यामानाशीची वाईन उभी राहिली नाही. मेइजी शासनाने उद्योगवाढीचे जे धोरण स्वीकारले, त्यात द्राक्षवेलीला जाणीवपूर्वक स्थान दिले. मद्यासाठी खर्ची पडणारा तांदूळ वाचवावा, हा त्यामागील एक हेतू होता. १८७७ मध्ये कात्सुनुमा येथे स्थापन झालेल्या कंपनीने ताकानो मासानारी आणि त्सुचिया ऱ्युकेन या दोन तरुणांना वाईननिर्मिती शिकण्यासाठी फ्रान्सला पाठवले. ते १८७९ मध्ये परतले. कंपनी काही वर्षांतच बुडाली, पण विद्या गावात राहिली. निइगाता प्रांतात कावाकामी झेन्बेई या जमीनदाराने १८९० मध्ये, भाताच्या नापिकीने हैराण झालेल्या कुळांना पर्यायी काम मिळावे म्हणून द्राक्षबाग सुरू केली, हेही येथे नोंदवण्यासारखे आहे.

या चित्राला दुसरी बाजू आहे. त्याच जपानी शासनाने १८९९ मध्ये शेतकऱ्याच्या घरी आंबवल्या जाणाऱ्या तांदळाच्या पेयावर, दोबुरोकूवर, पूर्ण बंदी घातली. कारण उघड होते : साकेवरील कराचे उत्पन्न त्या सुमारास जमीनमहसुलाच्याही पुढे गेले होते. दुसऱ्या महायुद्धात तर वाईनला युद्धसामग्रीचे रूप आले. वाईनच्या पिंपात जमणाऱ्या टार्टारिक आम्लापासून पाणबुड्यांचा शोध घेणाऱ्या यंत्रांसाठी लागणारे स्फटिक तयार करता येत, म्हणून सैन्याने यामानाशीत वाईनचे उत्पादन वाढवून घेतले. शासनाच्या प्रोत्साहनामागे शेतकऱ्याचे प्रेम होते, असा भाबडा निष्कर्ष म्हणून काढता येत नाही. शासनाने एक वाट बंद केली व दुसरी उघडी ठेवली, एवढेच म्हणता येते. पुढील तुलनेत हा मुद्दा महत्त्वाचा ठरेल.

दख्खनची छाटणी

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. दख्खनमध्ये द्राक्ष नवे नाही. चौदाव्या शतकात आलेल्या इब्न बतूताने दौलताबादेस द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात अशी नोंद केली आहे. उष्ण प्रदेशात वेल झोपी जात नाही. ती सतत वाढत राहते. या स्वभावाचा उपयोग करून महाराष्ट्राच्या बागायतदाराने वर्षातून दोन छाटण्यांची पद्धत रूढ केली. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, आणि पाऊस ओसरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी. पावसाळ्यात वेलीवर फळ नसतेच. फळ येते हिवाळ्यात आणि पिकते जानेवारी ते मार्चच्या कोरड्या हवेत. जपानी शेतकरी घडावर टोपी घालून पाऊस चुकवतो, आपला बागायतदार कात्रीने पावसाचा ऋतूच चुकवतो. माझ्या मते दुसरी युक्ती अधिक चतुर आहे.

याच पद्धतीवर आधुनिक महाराष्ट्राची वाईन उभी आहे. श्यामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येथे फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने 'ओमर खय्याम' ही फेसाळ वाईन तयार करून परदेशी पाठवली. पुणे जिल्ह्याचे नाव जगाच्या वाईन-नकाशावर प्रथम आले ते तेथून. राजीव सामंत यांनी नाशिकजवळ १९९७ मध्ये सोव्हिन्याँ ब्लाँ व शेनँ ब्लाँ या पांढऱ्या जाती लावल्या आणि २००० मध्ये 'सुला'ची पहिली वाईन बाजारात आणली. कोशूच्या हलक्या, आंबूस चवीच्या जवळ जाणारे मराठी मातीतले पेय शोधायचे तर ते या जातींतच सापडेल. मात्र आपल्या उन्हामुळे तिच्यात साखर व मद्यार्क अधिक आणि पेरूसारखा ठसठशीत वास असतो. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणाने वाईनला अबकारी शुल्कात सवलत दिली, विंचूर व पलूस येथे वाईन-उद्याने उभारली. २००८ नंतर मागणी कोसळली. करारावर लावलेल्या बागांना गिऱ्हाईक राहिले नाही आणि नाशिक-नारायणगाव पट्ट्यातील अनेक शेतकऱ्यांनी वाईनच्या द्राक्षबागा उपटून टाकल्या. त्या कथेच्या तपशिलात येथे जाण्याचे प्रयोजन नाही.

आपल्या दृष्टीने अर्थपूर्ण गोष्ट वेगळी आहे. दोन छाटण्यांच्या पद्धतीत फळाचा प्रश्न पावसाळ्यातील पावसाशी नसून नोव्हेंबर ते मार्च या काळातील साठवलेल्या पाण्याशी निगडित होतो. तेव्हा 'वेल्ह्यात पाऊस फार म्हणून द्राक्ष नाही' या विधानाची फेरतपासणी करणे भाग आहे. वेल्ह्यात वर्षाला २००० मिमीच्या वर पाऊस पडतो, बारामतीस सुमारे ५०० मिमी. पावसाळ्यातील ओल्या पानांवर केवडा व करपा पडणार, धुपलेल्या उताराच्या जमिनीत वेल अशक्त राहणार, या अडचणी खऱ्या आहेत. तोरणा-राजगडाच्या पायथ्याशी कोणी द्राक्ष लावावे असे सुचवण्याचा येथे हेतू नाही. परंतु पूर्वेकडे नसरापूरच्या बाजूस येता येता पाऊस झपाट्याने उतरतो. तेथेही द्राक्षबागा उभ्या राहिल्या नाहीत. त्याचे कारण आकाशात शोधण्याऐवजी नदीत शोधले पाहिजे.

निरेचे पाणी

भोर हे पंतसचिवांचे संस्थान होते. ८ मार्च १९४८ रोजी ते मुंबई प्रांतात विलीन झाले. या संस्थानाच्या मुलखात, वेळवंडी नदीवर भाटघर येथे ब्रिटिश सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धरण बांधले. त्याचा जलाशय 'व्हायटिंग तलाव' या नावाने ओळखला जात असे. १९२७ मध्ये त्याच्याच खालच्या अंगास अधिक उंच असे लॉईड धरण पूर्ण झाले आणि जुने धरण पाण्याखाली गेले. या पाण्याचे प्रयोजन आरंभापासून स्पष्ट होते. १८७६-७८ च्या दुष्काळाने होरपळलेल्या पूर्वेकडील मुलखास निरेच्या डाव्या कालव्याने, आणि पुढे उजव्या कालव्याने, पाणी पुरवायचे. डाव्या कालव्यावर बारामती-इंदापूर, उजव्या कालव्यावर फलटण-माळशिरस. दुष्काळी रयतेला पाणी मिळाले हे उपकारकच झाले, यात शंका नाही. परंतु ज्या खोऱ्यात पाणी अडवले, तेथील सपाट व कसदार जमीन तळ्याच्या पोटात गेली. शेतकरी वर, उताराच्या वरकस जमिनीकडे सरकला. पावसाळ्यात जलाशय तुडुंब भरावा, हिवाळ्यापासून पाणी खाली सोडावे, आणि चैत्र-वैशाखात काठावरच्या गावांनी पिण्याच्या पाण्यासाठी वणवण करावी, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पुढे निरेवर देवघरचे आणि वेल्ह्यात कानंदी नदीवर गुंजवणी प्रकल्पाचे धरण झाले. गुंजवणीच्या लाभक्षेत्रात वेल्हे व भोर यांचा समावेश असला, तरी त्यातला मोठा वाटा पुरंदरकडे जातो.

म्हणजे ज्या महिन्यांत द्राक्षाच्या घडात रस भरायचा, त्याच महिन्यांत डोंगराचे पाणी डोंगर सोडून जाते. निरेच्या खोऱ्यात खालच्या अंगास, बारामती तालुक्यातील होळ येथे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचे प्रक्षेत्र आहे. तेथे अमेरिकन कटावबा आणि ब्यूटी सीडलेस यांच्या संकरातून 'एआरआय-५१६' ही रोगांना बरीच दाद न देणारी, रसासाठी व वाईनसाठी उपयुक्त जात तयार करण्यात आली. दुसऱ्या वंशाच्या वेलीचा अंश मिसळून दमट हवेवर मात करण्याची कोशूची जी कथा, तीच येथे शास्त्रज्ञांनी हेतुपूर्वक घडवली. पण ती घडली पाणी जेथे पोहोचले तेथे, पाणी जेथे पडते तेथे नव्हे.

निरेच्या कालव्यांवर प्रामुख्याने वाढला तो ऊस. उसापासून साखर, साखरेच्या शेवटी मळी, मळीपासून मद्यार्क आणि मद्यार्कापासून देशी दारू, ही साखळी महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. भोर-वेल्ह्याच्या डोंगरावर पडलेल्या पावसाचा काही अंश या वाटेने बाटलीत शिरून पुन्हा डोंगरातल्या गावी परत येतो. पाणी गेले ते विनामोबदला गेले; परत आले ते मजुरीचे पैसे घेऊन जाण्यासाठी.

कायद्याने बंद केलेली वाट

यामानाशीत शासनाने एक वाट बंद करून दुसरी उघडी ठेवली, असे वर म्हटले. मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याने खासगी गाळप गुन्हा ठरवले आणि मद्यनिर्मिती परवानेदार मक्तेदारांच्या व मोठ्या भट्ट्यांच्या हाती दिली. १८९२ च्या मोहाविषयक कायद्याने ठाणे-कुलाबा भागात मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध घातले. भोर संस्थानाचा सुधागड हा तालुका कुलाब्याला लागूनच होता. फळाफुलांपासून हलके पेय करण्याची घरगुती विद्या यातून चोरटी झाली; आणि चोरटी विद्या सुधारत नाही, ती केवळ उग्र होत जाते. कारण चोरून न्यायचे तर थोड्या जागेत जास्त नशा मावली पाहिजे. हलकी, बारा टक्क्यांची वाईन लपवून नेणे परवडत नाही. हा अर्थशास्त्राचा साधा नियम असून, डोंगरी भागात 'मद्य' आणि 'हातभट्टी' हे शब्द समानार्थी कसे झाले याचा तो बराचसा उलगडा करतो.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम आला. १९६० च्या दशकात बंदी शिथिल झाली, तरी तोच कायदा महाराष्ट्रात आजही लागू असून त्यानुसार मद्यपानास परवाना लागतो. वाईन-बिअरसाठी वयाची अट २१ वर्षे, कडक मद्यासाठी २५. गमतीचा भाग असा की आयुर्वेदाचे द्राक्षासव, म्हणजे द्राक्षे आंबवूनच केलेले पेय, कित्येक सोवळ्या घरांच्या फडताळात सुखाने नांदत असते. द्राक्षाच्या आंबण्याविषयी समाजाला मुळात तिटकारा नव्हता, हे यावरून दिसते.

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. दारूने उद्ध्वस्त झालेल्या घरांच्या प्रदेशात वाईनच्या चवीची चर्चा करणे हा शहरी चोचला आहे, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. महाराष्ट्रातील गावोगावच्या स्त्रियांनी मतदान करून दारूचे दुकान बंद पाडण्याची, 'बाटली आडवी' करण्याची तरतूद वापरली, ती हौसेखातर नव्हे. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाईनविक्रीस परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा त्याला झालेल्या विरोधामागेही हाच अनुभव होता. तो निर्णय अमलात आला नाही. त्या चर्चेत वाईन म्हणजे शेतकऱ्याचे हित असे समर्थन करण्यात आले. पण कोणता शेतकरी, हा प्रश्न मात्र पुरेसा विचारला गेला नाही. नाशिकचा द्राक्षबागायतदार आणि पानशेतच्या वरच्या अंगाचा नाचणी-वरई पिकवणारा शेतकरी यांना एकाच शब्दात बसवता येत नाही. आडव्या बाटलीला मत देणारी बाई देशी दारूविरुद्ध मत देते. तिच्या परड्यातील जांभळाचे काय करावे, असे तिला कोणत्याही मतपत्रिकेवर विचारलेले नाही.

जांभूळ, करवंद आणि परवाना

सह्याद्रीत रानद्राक्ष म्हणून ओळखली जाणारी एक वेल आढळते. ती द्राक्षाच्याच कुळातली असली तरी खऱ्या द्राक्षाच्या प्रजातीतली नाही, आणि तिच्यापासून उद्योग उभा राहील असे मानण्यास आधार नाही. भोर-वेल्ह्याचे खरे आंबट-तुरट धन म्हणजे करवंद आणि जांभूळ. चवीच्या दृष्टीने पाहिले तर कोशूची जी वैशिष्ट्ये सांगितली, स्वच्छ आंबटपणा आणि सालीची तुरट छटा, ती या दोन फळांत भरपूर आहेत. जांभळाची व चिकूची वाईन महाराष्ट्रातील काही उत्पादकांनी यशस्वीपणे बाजारात आणली आहे. म्हणजे तंत्राचा अडसर उरलेला नाही. २०२२ मध्येच राज्य शासनाने काजूबोंडे व मोहाफुले यांपासूनच्या मद्याला देशी दारूच्या वर्गातून काढून विदेशी मद्याच्या वर्गात घालण्याचा निर्णय घेतला. आपल्या रानातल्या फुलाच्या पेयाला प्रतिष्ठा मिळण्यासाठी 'विदेशी' हे नाव धारण करावे लागावे, यावर वेगळे भाष्य करण्याची गरज नाही. जपानने याउलट, ऑक्टोबर २०१८ पासून केवळ देशात पिकलेल्या द्राक्षांच्या वाईनलाच 'जपानी वाईन' हे नाव लावता येईल असा नियम अमलात आणला.

मे महिन्याच्या अखेरीस पुणे-सातारा रस्त्याच्या कडेला डोंगरातून आलेल्या स्त्रिया पळसाच्या पानांच्या द्रोणांत करवंदे आणि पाट्यांत जांभळे घेऊन बसलेल्या दिसतात. जांभूळ झाडावरून उतरल्यावर दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही. मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की उरलेला माल झाडाखालीच सडतो. तो आंबवून त्याची वाईन करायची तर अबकारी परवाना, स्वतंत्र बांधीव जागा, साठवणुकीची भांडी आणि अधिकाऱ्यांची तपासणी या अटी पूर्ण कराव्या लागतात. तेवढे भांडवल या स्त्रियांच्या बचतगटांकडे नाही. कात्सुनुमातील लहान उत्पादकांना नवी रीत शेजारच्या मोठ्या कंपनीने शिकवली होती. भोर-वेल्ह्याच्या मोठ्या शेजाऱ्यांनी, म्हणजे निरेच्या पाण्यावर वाढलेल्या कारखान्यांनी व संस्थांनी, जांभळासाठी तसे काही केल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही.